खोट काढणारं गिऱ्हाईक

माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या मिरजगावाला ठाऊक आहे. ब्लाऊज शिवायला टाकताना बायका आधीच म्हणतात, "सत्यशीला, चिडू नको, पण गळा जरा मोठा ठेव." शिवण चांगली म्हणून येतात, नाहीतर माझ्या तोंडासाठी कोण येतंय! हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं त्याला तो चोर जेवढा कारण, तेवढाच माझा रागही कारण.

चौदा वर्षं मी घराच्या पडवीत बसून शिवणकाम केलं. पडवीत पाऊस आला की कापड उचला, धुरळा आला की कापड उचला, पाहुणे आले की मशीनच उचला. त्यात हायवेला, स्टँडसमोर शामकांत सरांचे तीन गाळे आहेत, त्यातला मधला रिकामा झाला. सर हायस्कूलातून रिटायर झालेले. शब्दाचे पक्के आणि घड्याळाचे त्याहून पक्के. मी विचारायला गेले तर म्हणाले, "सत्यशीलाबाई, पन्नास हजार डिपॉझिट. सोमवारी सकाळी अकरापर्यंत आणा. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी मोबाईलवाल्याला फोन करणार. तो रोज विचारतोय."

माझ्या खात्यात पंचेचाळीस हजार होते. तीन वर्षं फॉल लावून लावून जमवलेले. पाच हजार कमी पडत होते. नवरा, सचिन, चाकणला टेम्पो चालवतो, त्याचा पगार पुढच्या आठवड्यात. कुणाकडं उसने मागायचे नाहीत हा नियम घरात मीच केलेला, आणि तो मोडला असता तर सासूबाईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं. मग नजर गेली जुन्या पायमशीनवर. बचत गटातून मोटरचं नवं घेतल्यापासून ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. गुरुवारी मी ते पुसलं, तेल दिलं, दोन फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या त्या ॲपवर टाकलं. किंमत सहा हजार. खाली नंबर दिला. झालं, म्हटलं. आता गिऱ्हाईक येतंय आणि सोमवारी गाळा आपला.

कसलं काय! फोन नुसता वाजत राहिला. एकानं लिहिलं, "हाय." दुसऱ्यानं लिहिलं, "लास्ट किती?" मी म्हटलं, "फर्स्ट तर बोला!" तिसरा दीड हजार म्हणाला, त्याला मी असं काही सुनावलं की त्यानं परत तोंड दाखवलं नाही. गुरुवारचा अख्खा दिवस असा गेला. शिवताना सुई दोनदा बोटाला लागली, कारण डोळे फोनवर.

आमच्या सासूबाई, चांगुणाबाई, ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तीस वर्षं त्यांनी आठवडे बाजारात शेरडं विकली. मोबाईल हातात धरत नाहीत, पण माणूस लांबूनच ओळखतात. म्हणाल्या, "सत्ये, वस्तू घरात आन गिऱ्हाईक फोनात, ह्यो कुठला बाजार गं?"

"आता असाच असतो, आत्याबाई."

"आसंल बया," म्हणाल्या, आणि सुपारी कातरायला लागल्या.

शुक्रवारी दहा-साडेदहाला एक बाई दारात आली. पन्नाशीची, पायात धुरळा, हातात कापडी पिशवी. रंगुबाई नाव. पलीकडच्या माळवस्तीवरची. दोऱ्याच्या दुकानात तिला कळलं होतं, की मी मशीन विकतेय. सून नुकतीच शिवणक्लास शिकून आली, तिच्यासाठी पाहिजे होतं.

बस म्हटलं तर बसली नाही. आधी मशीनला फेरी मारली. मग वाकून खालून बघितलं. मग चाक फिरवलं, कान लावला. मग पिशवीतून जुन्या लुगड्याची पट्टी काढली, चार पदरी घडी घातली आणि स्वतः स्टुलावर बसून टाका मारला. दातानं दोरा तोडला, पट्टी उन्हात धरली.

"खालचा टाका सैल पडतोय," म्हणाली.

"चार पदरी जाड कापडावर पडणारच."

"पट्टा घसरतोय."

"जुना आहे."

"फळीचा कोपरा उडालाय. आन तेल आजच घातलंया, व्हय ना? वास येतोय. काय झाकायला घातलं?"

माझं डोकं सणकलं. आत्याबाईंनी चहा आणला, तो तिनं बशीत ओतून फुर्र करत प्यायला, आणि खोट काढायची चालूच. तासभर! शेवटी म्हणते कशी, "चार हजार."

"ताई," मी म्हटलं, "मशीन न्यायचंय का भांडायचंय? चौदा वर्षं या मशीननं माझं घर चालवलं!"

"मग काय फुकट चालवलं का? झिजलं आसंलच की."

बस्स! मी उठले, मशीनवर चादर टाकली आणि म्हटलं, "न्हाई विकायचं. तुमाला तर न्हाईच न्हाई."

ती जराही रागावली नाही. पिशवी काखेला मारली, चहाची बशी आत नेऊन ठेवली आणि जाताना म्हणाली, "इचार करा. म्या बी करते." तिच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

ती कोपऱ्यावर वळली नसेल तोवर फोन वाजला.

"जय हिंद, ताई. मी आर्मीतून बोलतोय. विक्रम माझं नाव. नगरला कॅम्पात आहे."

आता आमच्या भागात फौजी म्हटलं की माणूस उठून खुर्ची देतो. प्रत्येक दोन-तीन घरांमागं कुणीतरी भरती झालेलं. माझा धाकटा भाऊ सम्राट स्वतः फौजेत, राजस्थानात. त्यामुळं माझा आवाज आपोआप मऊ झाला. तो मराठीत हिंदी मिसळून बोलत होता. म्हणाला, बदली झालीय, बायको गावी असते, तिला शिवणकाम शिकायचंय, तुमचं मशीन आवडलं.

"सहा हजार आहे बरं का," मी आधीच ठासून सांगितलं.

"ठीक आहे ना, ताई. तुमच्या मेहनतीची चीज आहे. मी त्यात घासाघीस करणार नाही."

काय सांगू! तासभर त्या बाईनं माझ्या मशीनची पार चिंधी केली होती, आणि हा न बघता मेहनतीची चीज म्हणतो. मला तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. माणसाला कळतं वस्तूचं मोल, म्हटलं मनात. त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. वर्दी, टोपी, मिशी, सगळं जागच्या जागी. मी तो सम्राटला पुढं पाठवला आणि विचारलं, असा कुणी ओळखीचा आहे का. पण त्या मेसेजवर एकच टिक. ड्युटीवर असला की दोन-दोन दिवस त्याचा फोन बंद असतो.

"ताई, मशीन दुसऱ्या कुणाला देऊ नका. टोकन पाठवतो," विक्रम म्हणाला, आणि लगेच खात्यात शंभर रुपये आले. खोटा मेसेज नव्हता, मी बॅलन्स उघडून बघितला. पंचेचाळीस हजार शंभर.

मी ओट्यावर जाऊन आत्याबाईंना सांगितलं, इसार आला.

इसार म्हणजे आमच्याकडं साधी गोष्ट नाही. बाजारात शेळीच्या कानाला हात लावून कुणी दहा रुपये जरी हातावर ठेवले, तरी ती शेळी त्याची. मग मागून दुसरा कुणी दुप्पट भाव घेऊन आला तरी त्याला नाही म्हणायचं. आणि आपण मोडला तर इसार दुप्पट परत करायचा, वर चारचौघांत मान खाली. आत्याबाई तीस वर्षांत एकदाही इसार मोडलेला नाही असं अजून सांगतात.

"मंग शब्द गेला आपला," त्या म्हणाल्या. "पन त्यानं खोट काय काढली?"

"काहीच नाही."

"काईच न्हाई?" त्यांची सुपारी तोंडातच थांबली. "इसार देनारा हात लावून बघतो गं. ह्यानं काय बघून दिला?"

"फोटो बघून. शिकलेली माणसं खोट काढत नाहीत, आत्याबाई." त्या रंगुबाईचा राग माझ्या तोंडात अजून होताच.

त्यांनी सुपारी परत चघळायला घेतली. संध्याकाळपर्यंत मी तो ओळखपत्राचा फोटो दहादा उघडला. सम्राटची टिक एकच.

शनिवारी सकाळी मी दारात पाणी मारत होते तर रंगुबाई पुन्हा हजर. यावेळी आत येऊन बसली. कमरेचा रुमाल सोडला, गाठ उकलली.

"चला, साडेपाच हजार. रोख. पट्टा म्या नवा टाकीन. सून रात्रीपासनं माझ्या डोक्यावर बसलीय."

साडेपाच! मला पाचच पाहिजे होते. त्या रुमालात माझा गाळा होता, शटरसकट. माझा हात पुढं गेलाच होता. पण आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या, आणि खात्यात ते शंभर रुपये बसलेले.

"इसार घेतलाय," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"कितीचा?"

"शंभर."

"कोनाचा?"

"फौजी आहेत एक. नगरला."

"येऊन बघून गेलं?"

"फोटो बघून."

रंगुबाईनं माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं बघितलं. रुमालाला गाठ मारली. "इसार घेतला म्हनता, मग बोलनंच खुंटलं," म्हणाली आणि उठली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. मी तिला वळणापर्यंत जाताना बघत राहिले. असं वाटत होतं पळत जावं, पदर धरावा. पण शब्द दिला होता ना! गाढवाला दिला होता, ते अजून कळायचं होतं.

बारा वाजले, एक वाजला. विक्रमचा फोन नाही. मी शिवायला बसले आणि एका ब्लाऊजला डावी बाही उजवीकडं जोडून ठेवली. उसवली. परत तीच जोडली. जेवण समोर घेतलं, तसंच झाकून ठेवलं. दोनला फोन आला.

"ताई, पैसे पाठवतो. आर्मीच्या अकाउंटवरून येतील. एक सांगा, तुमच्या खात्यात सहा हजाराच्या वर शिल्लक आहे ना? नसेल तर पैसे उतरत नाहीत."

"आहेत की. पंचेचाळीस आहेत," मी म्हणून बसले.

शहाणी बाई मी! दारावर कांदे विकणाऱ्याला पण सुटे नाहीत म्हणणारी. आणि याला सगळा हिशोब दिला.

"अच्छा," तो म्हणाला, आणि एकदम घाई सुरू झाली त्याच्या बोलण्यात. "आता मी चौकोनी कोड पाठवलाय, तो ॲपमधून स्कॅन करा. मग पिन टाका. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यात. लवकर, ताई. आमचं सर्व्हर पाच मिनिटांत बंद होतं."

मी फोन स्पीकरवर टाकून मशीनच्या फळीवर ठेवला. तो बोलतोय, मी करतेय. कोड उघडला. स्क्रीनवर कुण्या बाईचं नाव आलं. "हे कोण?" मी विचारलं. "ते आमच्या क्लार्क मॅडम आहेत, तुम्ही घाबरू नका." सहा हजार आकडा आला. खाली पिनचे चार गोल. मी पहिला आकडा दाबला. दुसरा दाबला. तिसरा दाबला.

"थांब गं," आत्याबाई म्हणाल्या. ओट्यावरून कधी उठून आल्या, कळलंच नाही. फोनाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, बाजारात बोलायच्या तसं मोठ्यानं बोलल्या, "लेकरा, आयक. म्या हिची सासू. मशीनीची खोट काय वाटली तुला?"

"खोट नाही, आजी. एकदम मस्त मशीन आहे. ताई, पिन टाकला का?"

"आरं पन एक सांगायचं ऱ्हायलं. हिचं चाक डाव्या अंगाला हाय. तुज्या बायकूला जमंल का?"

मी आत्याबाईंकडं बघतच राहिले. चाक डाव्या अंगाला? मशीन समोर होतं. चाक उजवीकडं, जिथं असायचं तिथं. आणि दोन्ही फोटोंत ढळढळीत उजवीकडंच दिसत होतं.

"जमेल, आजी, जमेल," तो म्हणाला. "माझी बायको सगळं डाव्या हातानंच करते. ताई, पिन? सर्व्हर बंद होईल!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. ह्यानं फोटोसुद्धा बघितलेला नव्हता. आणि तेव्हा कुठं मला माझ्याच स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायची अक्कल आली. मीच ते ॲप मराठीत करून घेतलेलं, वाचायला सोपं जावं म्हणून. आकड्याच्या वर लिहिलं होतं, "पैसे पाठवत आहात." पाठवत! येत आहेत नाही. आणखी एक बोट टेकलं असतं की सहा हजार गेले होते आणि सोमवारचा गाळा गेला होता. शिवाय त्याला आता माहीत होतं, मागं किती उरलेत.

मी ॲपमधून मागं आले, ते बंद केलं आणि मग तोंड उघडलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फौजेचं नाव घेतोस, लाज नाही वाटत, इथून सुरुवात होती, इसार देऊन फसवतोस इथं शेवट. त्यानं पण ताई सोडलं. म्हणतो कसा, "इसार घेतलाय तू. मशीन दिलं नाहीस तर पोलीस केस करीन." बघा! कालपासून टोकन टोकन करणारा, माझ्या तोंडून इसार शब्द ऐकून त्यानंच मला बांधायला निघाला. मी फोन कापला, त्याचा नंबर ब्लॉक केला आणि खाली फरशीवर बसले. मला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी आत्याबाईंना विचारलं.

"कळलं न्हवतं. इचारून बघितलं. ज्याला घ्यायचं आसतं ना सत्ये, त्यो खोट काढतोच. शेरडाचं दात बघतो, कास दाबतो, लंगडतंय म्हनतो. मला बी राग यायचा. पन गोड बोलून, न बघता पैसं देनारा दिसला की म्या दावं घट्ट धरायची."

संध्याकाळी सम्राटचा मेसेज आला. "ताई, हा फोटो खोटा आहे. आमच्या चार पोरांच्या घरच्यांना हाच फोटो वेगवेगळ्या नावानं आलाय. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे आपले पैसे जाणार. काही केलं नाहीस ना?" मी लिहिलं, "नाही." तीन आकडे दाबले होते, ते काही लिहिलं नाही.

मग मी १९३० ला, सायबरवाल्यांच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, "त्या चोराचे शंभर रुपये माझ्या खात्यात पडलेत. ते मला नकोत. त्याच्या तोंडावर परत मारते." ती म्हणाली, "परस्पर पाठवू नका. ते त्याचे नसतील. आधी अशाच एखादीला फसवलेलं असेल, तिच्या खात्यातून आले असतील. तुम्ही सोमवारी बँकेत लिहून द्या."

तिच्या खात्यातून. हे ऐकलं आणि माझा सगळा राग कुठं गेला कळेना. म्हणजे कुठंतरी अशीच एक बसली असेल, तिला पण कुणी ताई म्हटलं असेल, आणि तिच्याजवळ आत्याबाई नसतील. तिनं चौथा आकडा दाबला. त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

रविवारी सकाळी मी माळवस्तीवर निघाले. दोऱ्याच्या दुकानातून पत्ता घेतला. अर्धी वाट रिक्षा, अर्धी पायी. सगळ्या वाटेत एकच विचार, तिनं दुसरं घेतलं असेल तर? आणि घेतलं नसेल तर काय तोंडानं सांगायचं? माफी मागायची मला सवय नाही. सचिनची लग्नानंतर एकदाच मागितलीय, ती पण मनातल्या मनात.

रंगुबाई अंगणात कांदे निवडत होती. सून, धनश्री, दारात पिशवी घेऊन उभी. दोघी कर्जतला निघालेल्या, तिथल्या कुणाचं जुनं मशीन बघायला. अर्धा तास उशीर झाला असता तर गेल्याच होत्या.

मी सगळं सांगितलं. फौजी, इसार, पिन, डाव्या अंगाचं चाक. काही लपवलं नाही. सोमवारी पैसे भरायचेत, गाळा घ्यायचाय, हे पण सांगितलं. सौद्याला गेल्यावर आपली गरज सांगायची नसते, हे मला ठाऊक आहे, पण सांगितलं. शेवटी म्हटलं, "शुक्रवारी मी लई वाईट बोलले. चुकलं माझं."

रंगुबाई कांदा हातात धरून ऐकत होती. म्हणाली, "शंभर रुपयाच्या शब्दावर तुमी साडेपाच हजार परत धाडलं. तवाच म्या हिला म्हनलं, बाई रागीट हाय, पन इमानाची हाय. मशीन तिच्याकडनंच घ्यायला पायजे हुतं." मग कांदा टोपलीत टाकला आणि लगेच, "पन खालचा टाका सैल हाय."

"व्हय," मी म्हटलं, "सैल हाय."

"आन पट्टा?"

"घसरतोय."

"फळीचा कोपरा उडालाय."

"व्हय. आणि तुमच्या नजरेतनं एक सुटलंय. पावसाळ्यात चाक कुरकुरतं. जरा गोडं तेल सोडलं की बसतं. काढा रंगुबाई, अजून काय खोट असेल ती काढा."

डोळे पुसत मी हसत होते, आणि धनश्री आमच्या दोघींकडं टकामका बघत होती. तिला वाटलं असेल, ही शिलाईवाली बाई येडी झाली.

घासाघीस पाऊण तास चालली. पाच हजार दोनशेला सौदा ठरला. रंगुबाईनं अकरा रुपये माझ्या तळहातावर ठेवले, वरून स्वतःच्या हातानं माझी मूठ बंद केली. संध्याकाळी पुतण्याचा टेम्पो आणला, आत्याबाईंच्या समोर पैसे दिले. मशीन चढवताना धनश्रीनं फळीवरून हात फिरवला, तशी मी वळून घरात गेले. चौदा वर्षं झाली होती हो.

सोमवारी आधी बँकेत गेले, त्या शंभर रुपयांचं लिहून दिलं. साहेब म्हणाले, शंभर रुपयांसाठी कशाला एवढं? मी म्हटलं, "कुणाचे तरी आहेत," आणि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय हलले नाही. पावणेअकराला गाळ्यावर पोचले. पाच हजार रोख दिले आणि पंचेचाळीस मोबाईलवरून. पिन टाकायच्या आधी सरांचं नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "मीच आहे हो, सत्यशीलाबाई! आरशात पाहून येऊ का?"

मी चौथा आकडा दाबला.

सरांनी किल्ली दिली. मी शटर वर ढकललं. गाळा रिकामा, स्वच्छ, हायवेचं ऊन आत आलेलं. इतका सुंदर दिसत होता की रडूच यायचं. मी आत गेले. कोपऱ्यात वाकून बघितलं. भिंतीला हात लावला. शटर दोनदा खालीवर करून कान लावला.

"सर," मी म्हटलं, "शटर डाव्या बाजूला घासतंय. मागच्या भिंतीला ओल आहे. बटणाचा एक पॉइंट चालत नाही. भाड्यात दोनशे कमी करा."

सर चांगलेच तापले. "अहो, आता पैसे भरलेत ना? तुम्हाला गाळा हवाय की नकोय?"

"हवाय, सर," मी म्हटलं. "म्हणून तर खोट काढतेय."